मदत हवी आहे: एमकेव्ही फाइलमध्ये चित्र दिसतं, आवाज येत नाही

मंडळी, विंडोज ११ चा नवा डेस्कटॉप आहे, मागच्या हिरव्या जॅकला दोन स्पीकर. पहिल्या फाइलमध्ये चित्र स्वच्छ, आवाज अजिबात नाही. दुसरीत संगीत, पाऊस, गाड्या सगळं ऐकू येतं, पण माणसांचं बोलणं जवळजवळ गायब. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ नीट चालतात. पहिली फाइल विंडोज १० च्या लॅपटॉपवर आवाजासकट चालते. प्लेअर दोन्हीकडे विंडोजचाच. ड्रायव्हर पुन्हा टाकला, फाइलच्या नावापुढे एमपी४ लावून पाहिलं. उपयोग नाही.

प्रतिसाद १

नाव बदलून काही होणार नाही. एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय हे नुसते डबे. आत चित्र वेगळ्या कोडेकमध्ये (म्हणजे डेटा दाबून साठवायच्या पद्धतीत) असतं, आवाज वेगळ्या. प्लेअरला चित्राचा कोडेक कळला आणि आवाजाचा कळला नाही, की मुका व्हिडिओ सुरू होतो, आणि बऱ्याचदा एरर मेसेजही येत नाही. म्हणून लोक ड्रायव्हरमागे लागतात. मोबाइलचे व्हिडिओ चालतायत म्हणजे तुमचा ड्रायव्हर ठणठणीत आहे.

फाइल व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा आणि कंट्रोल-जे दाबा. 'टाइप: ऑडिओ' लिहिलेल्या भागात कोडेक आणि चॅनेल्स या दोन ओळी असतील, त्या जशाच्या तशा इथे द्या. इंटरनेटवरचे 'कोडेक पॅक' कृपया टाकू नका, त्यांतून नको ते सॉफ्टवेअर आत शिरतं.

धागाकर्ता

पहिली: कोडेक ए५२ ऑडिओ, चॅनेल्स ३एफ२आर/एलएफई. व्हीएलसीत आवाज आला! दुसरी: एमपीईजी एएसी ऑडिओ, चॅनेल्स तेच. पहिली फाइल एडिटिंगला घ्यायची आहे, तिथेही आवाजाची पट्टी रिकामी दिसते.

प्रतिसाद १

ए५२ म्हणजेच एसी-३, डॉल्बी डिजिटल. लॅपटॉपचं कोडंही सुटलं: विंडोज १० मध्ये एसी-३ चा डिकोडर (तो कोडेक उलगडणारा भाग) असतो, पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये तो आधीपासून मिळत नाही. व्हीएलसी स्वतःचे डिकोडर सोबत आणतो, त्यामुळे त्याला फरक पडत नाही.

एडिटिंगसाठी फक्त आवाज बदला, चित्राला हात लावू नका. अ‍ॅव्हिडेमक्स या मोफत व्हिडिओ एडिटरमध्ये डावीकडे व्हिडिओ आउटपुट 'कॉपी', ऑडिओ आउटपुट 'एएसी', खाली 'एमकेव्ही मक्सर' किंवा 'एमपी४ मक्सर' (म्हणजे कुठल्या डब्यात भरायचं ते). स्टीरिओला १९२ केबीपीएस पुरे. चित्र 'कॉपी' असल्याने त्याचा दर्जा तसूभरही घटत नाही आणि कामही झटपट उरकतं. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरने हेच केलं तर तो चित्रही नव्याने एन्कोड करतो. वेळ जातो, दर्जाही थोडा उतरतो.

प्रतिसाद २

एक भर: अ‍ॅव्हिडेमक्स सबटायटल सोबत नेत नाही. हवी असतील तर मूळ फाइल ठेवा.

दुसऱ्या फाइलचा दोष कोडेकचा नाही. ३एफ२आर म्हणजे पुढे ३ आणि मागे २ चॅनेल, एलएफई म्हणजे सबवूफर, एकूण ५.१. संवाद मुख्यतः पुढच्या मधल्या चॅनेलवर असतात. विंडोजमध्ये स्पीकर ५.१ म्हणून निवडले असतील, तर हे संवाद नारंगी जॅककडे पाठवले जातात, आणि तिथे तुम्ही काहीच लावलेलं नाही. विंडोज-आर दाबून 'एमएमएसवायएस डॉट सीपीएल' इंग्रजीत टाइप करा, प्लेबॅकमध्ये स्पीकर निवडा, कॉन्फिगर, स्टीरिओ. साउंड कार्डचं वेगळं पॅनेल असेल तर तिथेही स्टीरिओ आहे ना ते बघा. मग प्लेअर बंद करून पुन्हा उघडा.

धागाकर्ता

खरंच ५.१ निवडलेलं होतं. स्टीरिओ केल्यावर संवाद स्पष्ट आले. दोघांचे मनापासून आभार!

प्रतिसाद ३

पुढे कुणाला व्हीएलसीतही आवाज आला नाही तर: बी दाबून दुसरा ऑडिओ ट्रॅक आहे का पाहा. मग प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली एचडीएमआय/एसपीडीआयएफ पासथ्रू 'डिसेबल्ड' करा. तो चालू असला की डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज न उलगडता पुढे जातो, आणि समोरच्या टीव्हीला तो कोडेक येत नसेल तर शांतता. कंट्रोल-जेमध्ये ऑडिओचा भागच नसेल, तर फाइलमध्ये आवाजच नाही. तिथे कुठलाही प्लेअर काही करू शकत नाही.