मदत हवी आहे: शिधा घेणाऱ्यांची खरी मते कशी मिळवावीत?

आमची छोटी संस्था गरजू कुटुंबांना शिधा देते. पुढील तीन वर्षांचा आराखडा ठरवण्यापूर्वी शिधा घेणारे, स्वयंसेवक, देणगीदार आणि परिसरातील इतर संस्था अशा सर्वांशी सल्लामसलत करावी, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. देणगीदार आणि स्वयंसेवक मोकळेपणाने, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच बोलतात. अडचण आहे ती ज्यांच्यासाठी हे सारे चालते त्यांचे म्हणणे ऐकण्याची.

वाटपाच्या टेबलावरच आम्ही छापील प्रश्नावली ठेवली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पेन आणि समोर शिधा देणारा स्वयंसेवक उभा, अशा अवस्थेत जवळजवळ सर्वांनी ‘सगळे छान आहे’ एवढेच लिहिले. नंतर बोलावलेल्या बैठकीला मोजकेच लोक आले आणि बोलले ते आमचेच पदाधिकारी. तक्रार केल्यास शिधा बंद होईल, ही भीती कोणी बोलून दाखवली नाही, पण ती असावी असे मला वाटते.

बाहेरची व्यावसायिक संस्था नेमण्याइतका निधी नाही, अनेकांना लिहिता-वाचता येत नाही, नावे गुप्त राहणे आवश्यक आहे आणि हातात दोनच महिने आहेत. शिधा घेणाऱ्यांपैकीच दोघा-तिघांना मानधन देऊन मुलाखतींचे काम सोपवावे, असा एक विचार आहे. परंतु ओळखीच्या माणसापुढे घरची ओढाताण सांगणे लोकांना अधिकच अवघड जाईल, अशी शंका येते.

ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांच्या अनुभवानुसार या मुलाखती कोणी आणि कोठे घ्याव्यात, आणि लोकांचे म्हणणे देणगीदारांच्या अपेक्षांशी जुळले नाही तर आराखड्यात कोणाच्या मताला किती वजन द्यावे?