लघवीवर ताबा राहत नसलेल्या वृद्धांना गोळ्या द्याव्यात का?

कर्वेनगरकर:
माझ्या ७८ वर्षांच्या आईला अचानक लघवीची घाई होते आणि न्हाणीघर गाठेपर्यंत कपडे ओले होतात, म्हणून तिला ऑक्सिब्युटिनिन सुरू केले. घाई कमी झाली. परंतु तोंडाला कोरड पडली, बद्धकोष्ठता वाढली आणि तिसऱ्या आठवड्यात ती रामरक्षा म्हणताना अडखळू लागली, जी तिला लहानपणापासून पाठ आहे. मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या ज्या ॲसिटिलकोलिन या रसायनाला अडवून हे औषध मूत्राशय शांत ठेवते, तेच मेंदूला स्मरणासाठी लागते. अमेरिकेतील ६५ वर्षे व त्यापुढील ३,४३४ जणांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा औषधांचा दीर्घ वापर आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला होता. वृद्धांना ही गोळी आधी देऊच नये, ठरावीक वेळी लघवीला जाण्याची सवय आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधी करून पाहावेत, असे माझे ठाम मत आहे.

सदाशिवपेठकर:
मला हे पटत नाही. त्या अभ्यासात नैराश्याची आणि ॲलर्जीची जुनी औषधेही धरलेली होती, शिवाय संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. माझे वडील दोन वर्षे सारसबागेत गेले नाहीत, दुपारनंतर पाणी पिईनासे झाले आणि रात्री घाईने उठताना दोनदा पडले. व्यायाम सांगितले, ते त्यांच्या लक्षातच राहत नव्हते. सोलिफेनासिन या तशाच गोळीने महिन्याभरात ते पुन्हा बाहेर पडू लागले. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळणे हा धोका लहान आहे का?

औंधची परिचारिका:
आपण दोघेही एकाच औषधगटाविषयी बोलत आहात. मिराबेग्रॉन हे वेगळ्या गटातले औषध ॲसिटिलकोलिनला हात न लावता मूत्राशयाचा स्नायू सैल करते. मात्र वरचा रक्तदाब १८० किंवा खालचा ११० वा त्याहून जास्त असल्यास ते देत नाहीत. खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर यांपैकी कोणतीच गोळी चालत नाही. पुरुषांत प्रोस्टेटमुळे लघवी मागे उरते का, हे सोनोग्राफीने आधी पाहावे. आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात नाही ना, हे घरीच तपासता येते.

कर्वेनगरकर:
आईची ती रक्तदाबाची गोळी रात्रीच्या जेवणानंतरच होती. डॉक्टरांना विचारून आता सकाळी देतो. ऑक्सिब्युटिनिन बंद केल्यावर तिचे अडखळणे थांबले आहे. त्यामुळे आपल्या वडिलांना लाभ झाला हे मान्य करूनही माझा आक्षेप कायम आहे: गोळी लिहून देताना स्मरणशक्तीबद्दल आम्हाला कोणीही एक प्रश्न विचारला नव्हता.

सदाशिवपेठकर:
तो प्रश्न आम्हालाही विचारला नव्हता. पुढच्या भेटीत मी तो स्वतःच काढणार आहे. पण तोवर वडिलांची गोळी बंद करणार नाही.