भिंतीकडेच्या वाफ्यात हे काय उगवलंय?

तळमजला, ताई: भिंतीकडेच्या वाफ्यात हे आपोआप आलंय. आमच्यापैकी कुणी लावलेलं नाही. पानं गाजरासारखी कातरलेली आहेत. फोटो टाकलाय. कुणी ओळखतं का?

ए विंग, काका: झेंडू. मागच्या खेपेला तिथेच होता, बी पडलं असणार.

तिसरा मजला, दादा: अ‍ॅपवर टाकून बघितलं. एका फोटोला कॉसमॉस म्हणतंय, दुसऱ्याला शेवंती.

सी विंग, मॅडम: वरून काढलेल्या फोटोत खोड दिसत नाही, अ‍ॅप तरी काय सांगणार! ताई, पानं समोरासमोर जोडीनं आहेत की एकाआड एक? झेंडू आणि कॉसमॉसच्या रोपांना ती जोडीनं येतात. आणि कृपा करून उघड्या हातानं चुरगळून वास घेऊ नका.

तळमजला, ताई: खोडच नाहीये अजून. सगळी पानं जमिनीला चिकटून गोल पसरलीत, वर बारीक लव आहे. शेजारचं एक मात्र कमरेएवढं झालंय. त्याला पांढरी बारीक फुलं आहेत. हा घ्या जवळून फोटो.

सी विंग, मॅडम: गाजरगवत आहे, शंकाच नको. खोडावर उभ्या रेघा बघा, पानं एकाआड एक आणि फुलाच्या कडेला इवल्याशा पाचच पाकळ्या. लहानपणी ते असंच जमिनीलगत बसतं, म्हणून फसायला होतं. यातल्या पार्थेनिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे अंगावर पुरळ उठतं, परागांनी दमाही बळावतो. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात आणि उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फुलावर येतं. म्हणून आजच काढायला हवं.

ए विंग, काका: मग माळीबुवांना सांगून अख्खा वाफाच साफ करून घेऊ.

सी विंग, मॅडम: नको हो काका! पहिल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात जोडपानांची रोपं दिसताहेत. तो कॉसमॉस आहे, ती राहू द्या. बाकीची हातमोजे घालून काढा, माती आधी भिजवा. नुसतं वरून तोडलं तर बुडापासून परत फुटतं.

तळमजला, ताई: काढलेली कंपोस्टमध्ये टाकू?

सी विंग, मॅडम: फुलं न आलेली चालतील. उंच झालेलं मात्र पिशवीत घट्ट बांधा, उचलताना झटकू नका. बी आधीच पडलं असेल, तेव्हा पाणी घालाल तेव्हा तिथं नवीन काही उगवलंय का तेही बघत जा.