१८१५ सालच्या शेमीजवर भरतकाम किती असावे?

वेशकार, नौपाडा
नमस्कार. आमच्या हौशी संस्थेच्या नाटकाचा प्रयोग गडकरी रंगायतनला आहे. त्यातील एका प्रवेशात १८१५ च्या सुमाराची इंग्लिश नायिका फक्त शेमीजवर, म्हणजे अंगालगतच्या लिननच्या झग्यावर, दिसते. दिग्दर्शकांना गळ्यापासून घोळापर्यंत भरतकाम हवे आहे. जांभळी नाक्यावर मिळणारे हकोबाचे कापड चालेल का?

धागादोरा, वाशी
हकोबा घेऊ नये. तसे भोकांचे भरतकाम तिकडे १८४० नंतर लोकप्रिय झाले. शिवाय शेमीजचे खरे काम घामापासून वरच्या महागड्या पोशाखाला जपण्याचे होते, आणि वरचा पोशाख क्वचितच धुतला जात असला तरी शेमीज पुन्हा पुन्हा उकळून काढावी लागे. म्हणूनच जवसाच्या धाग्याचे कापड वापरत, कारण ते ओले असताना अधिक मजबूत होते. कापड वाया जाऊ नये यासाठी अंग आणि बाह्या सरळ पट्ट्यांमधून बेतत आणि हात मोकळा फिरावा म्हणून बगलेत छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवत. सगळी टीप हाताची आणि इतकी बारीक, की माझ्या मते खरी कलाकुसर तीच. भरतकाम असलेच तर गळ्याच्या किंवा बाहीच्या काठाला, पांढऱ्यावर पांढरे.

काशिदा, नेरूळ
यात लाल खुणेचा उल्लेख यायलाच हवा. गळ्याच्या काठाखाली मालकिणीची आद्याक्षरे आणि एक आकडा फुलीच्या टाक्याने, कापडाचे धागे मोजून भरत. अक्षर जेमतेम नखाएवढे. आपल्याकडे परीट बिब्ब्याने खूण करीत, तसाच याचा उपयोग. असे कपडे डझनाच्या हिशेबाने शिवले जात आणि आकड्यामुळे ते आळीपाळीने वापरता येत. मंजिष्ठेच्या कुळातील मुळांपासून रंगवलेला, टर्की रेड नावाचा सुती धागा उकळूनही उतरत नसे, म्हणून तो या कामाला पसंत पडे. मुलींना लहानपणीच कापडाच्या तुकड्यावर अक्षरे आणि आकडे भरायला शिकवत, ते बऱ्याच अंशी याच कामासाठी.

वेशकार, नौपाडा
मनापासून आभार. पण ही खूण मागच्या रांगेला दिसणार कशी?

काशिदा, नेरूळ
दिसणार नाही, आणि ती मोठी करू नये. नायिकेच्या हाती घडी घालायला अशाच दोन-तीन शेमीज द्या. कपडे मोजून ठेवण्याची ती रीत प्रेक्षकांना तेवढ्यानेच कळेल.