दुर्मिळ प्राणी बघायला बडोद्याहून कुठे न्यावं? सोबत अकरा वर्षांचा भाचा

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा येतोय, प्राण्यांचं प्रचंड वेड आहे त्याला, स्टेशनवरून घरी येईपर्यंतच "मामा इथे दुर्मिळ काय आहे" सुरू होणार. कमाटीबाग (आपल्या बडोद्याचा झू असलेली बाग) मागच्या वेळी पालथी घातली. या वेळी त्याला पांढरा वाघ, चित्ता आणि जामनगरचं वनतारा हे प्राणीकेंद्र हवंय. माझ्याकडे तीन-चार दिवस आहेत. केवडिया की जुनागढ? अजून काही? आणि दुसरं म्हणजे आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडे मकाव वगैरे पक्षी आहेत, ते म्हणतायत स्टार कासवाची जोडी आणून देतो, ठेव घरात, पोरगं खूश होईल. घेऊ का?

मांजलपूरची ताई
कासवाचं आधी सांगते. अजिबात घेऊ नका दादा. स्टार कासव आपल्याकडचं जंगली जनावर आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यात आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर थेट पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या शेजारी. ठेवणाराही अडकतो, फक्त विकणारा नाही. आपला साधा मिठू पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे, लोक सर्रास ठेवतात ती गोष्ट वेगळी. काकांच्या मकावचं गणित निराळं. ते परदेशी पक्षी, ठेवता येतात पण सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, 2024 मध्ये त्याचे नियमही आलेत. पोराला काही पाळायचंच असेल तर बजरीगर किंवा कॉकाटील घ्या, त्यांना ही भानगड नाही. तेही पुण्यात त्याच्या आईला विचारून हां.

रावपुऱ्याचा निनाद
वनतारा विसरा, ते सर्वसामान्यांसाठी उघडं नाहीये, तिकीट वगैरे कोणी देत असेल तर फसवतोय. पण भाच्याला तिथल्या एका पक्ष्याची गोष्ट नक्की सांगा, स्पिक्स मकाव. ब्राझीलचा निळा पोपट, जंगलातला शेवटचा माहीत असलेला नर 2000 साली दिसेनासा झाला. मग उरले ते सगळे पिंजऱ्यातले, आणि त्यातले बरेचसे कतारच्या एका शेखच्या खाजगी संग्रहात, नंतर जर्मनीतल्या एका संस्थेकडे. 2022 मध्ये त्यातले काही परत ब्राझीलच्या रानात सोडले आणि 2023 मध्ये 26 पक्षी जर्मनीहून जामनगरला आले. त्यावरून जगभर वाद झाला, म्हणजे जिथला पक्षी तिथे जायचा सोडून इकडे का. मला वाद पटतो. पण हेही खरं की शेख लोकांनी हौस म्हणून पक्षी जमवले नसते तर आज वाद घालायला पक्षीच नसता. इंग्लंडात एका ड्यूकने असेच चीनचे पेर डेव्हिड हरीण आपल्या इस्टेटीत पाळले, चीनमधले सगळे मेले, आणि 1985 मध्ये तिथूनच चीनला परत पाठवले. तर श्रीमंतांचा शौक कधीकधी असा कामाला येतो, बहुतेक वेळा येत नाही.

दांडियाबाजारकर
ताई धन्यवाद, काकांना गोड शब्दांत नाही म्हणतो. निनाद, भारी माहिती. मग पांढरा वाघ?

मांजलपूरची ताई
दाखवा पण दुर्मिळ म्हणून दाखवू नका. ती वेगळी जात नाहीच, आपल्याच वाघाचा रंग. 1951 मध्ये रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा बछडा पकडला, प्राणीसंग्रहालयांतले पांढरे वाघ जवळपास सगळे त्याचीच पिलावळ, बापलेकीचे संबंध लावून वाढवलेली, म्हणून कित्येक तिरळे जन्मतात. गर्दी मात्र त्याच पिंजऱ्यापुढे. शेजारी लांडगा बसलेला असतो त्याच्याकडे कुत्रं समजून कोणी बघत नाही, आणि खरं तर भारतीय लांडगा जास्त काळजीचा विषय आहे.
माझं मत जुनागढ. तिथला सक्करबाग झू 1863 चा आहे, आपल्या कमाटीबागेपेक्षाही जुना. सिंह तर आहेतच, पण तिथे लांडग्यांची पैदास करतात, आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीही. गिधाडांचं त्याला नीट समजवा. गुरांना डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक द्यायचे, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या, आणि ज्या पक्ष्यांचे थवेच्या थवे असायचे ते शंभरातले नव्व्याण्णव संपले. 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. पैदासकेंद्राचा भाग सगळा बघू देत नाहीत, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे रडारड.

लष्करवाला, ग्वाल्हेर
मध्ये तोंड घालतो, आमचं ग्वाल्हेर तुम्हाला लांब आहे पण कधी आलात तर फूलबागेतला झू (1922 चा, माधवराव शिंद्यांच्या काळातला) बघून थेट मुरैन्याजवळ देवरीला या. चंबळच्या वाळूतली घडियालची (लांब तोंडाच्या सुसरीची) अंडी तिथे आणून उबवतात आणि पिल्लं साधारण सव्वा मीटरची झाली की परत नदीत सोडतात. टाकीत पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून पडलेली असतात, हलत नाहीत, तोंड म्हणजे अगदी चिमटा, आणि दात असे की मिटलेल्या तोंडाबाहेरही दिसतात. मासा टाकला की एक आडवा झटका, मग मासा तोंडात फिरवून डोक्याकडून गिळायचा. माझ्या मुलीने अर्धा तास हलू दिलं नाही. साल कासवंही असतात तिथे, तेही आता मुख्यतः चंबळमध्येच उरलंय, विणीच्या दिवसांत नराचं डोकं लाल-निळं-पिवळं रंगवल्यासारखं होतं.
बाकी चित्ता हवा असेल तर आमच्याच बाजूला कुनोचं राखीव जंगल, 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ आले. पण तो पिंजऱ्यातला प्राणी नाही, दिसेलच असं नाही. गंमत म्हणजे त्याच कुनोत माधवरावांनी आफ्रिकेतून सिंह आणून डोबकुंडला उंच भिंतींच्या आवारात ठेवले होते, नंतर सोडले, आणि त्यांनी माणसं मारायला सुरुवात केली. म्हणजे बाहेरून जनावर आणायची हौस आमच्याकडे जुनीच.

अकोटा_आजोबा
सगळे लांब लांब पाठवताय, विश्वामित्री विसरलात का? कमाटीबागेच्या पुलावरून सकाळी उन्हं वर आली की खाली बघा, काठावर मगर तोंड उघडून पडलेली असते. पिंजरा नाही, तिकीट नाही. मगरही धोक्यातल्या यादीत आहेच. 2024 च्या ऑगस्टच्या पुरात आमच्या इथे सोसायट्यांत शिरल्या होत्या, तेव्हा कोणाला दुर्मिळ वाटल्या नाहीत ते सोडा. आणि म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा दाखवलात का? 1944 मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला. तो प्राणी जगातल्या कुठल्याच झूमध्ये नाही. पोराला त्याच्या शेपटीपाशी उभं करून डोक्यापर्यंत पावलं मोजायला लावा.

दांडियाबाजारकर
आजोबा, सांगाडा मागच्या वेळी राहिला, भूक लागली म्हणून शेवउसळ खायला पळालो. या वेळी पहिल्या दिवशी तोच, मग रात्रीच्या गाडीने जुनागढ. परत आल्यावर अंगात जीव असेल तर केवडियाची जंगल सफारी, गेंडा-जिराफ बघेल. माळढोक मात्र त्याच्या यादीत वरच्या नंबरला आहे, तो कुठल्या झूत मिळेल?

रावपुऱ्याचा निनाद
कुठेच नाही. जैसलमेरकडे सम आणि रामदेवरा इथे 2019 पासून जंगलातली अंडी आणून पिल्लं वाढवतायत, 2024 मध्ये कृत्रिम रेतनाने पहिलं पिल्लूही झालं, पण लोकांना आत घेत नाहीत आणि घेऊही नये. यूट्यूबवर दाखवा.

मांजलपूरची ताई
आणि दादा, तारखा बघून बुकिंग करा, केवडिया सोमवारी बंद, सक्करबाग बुधवारी. दिवाळीत काही बदल असेल तर आधी फोन करून विचारा.