आईचा अंगारकीचा नवस राहिलाय, तिच्याऐवजी मी फेडला तर चालतं का?

कांदिवलीकर:
बाबांची बायपास झाली तेव्हा आई बोलली होती की हे नीट घरी आले तर अंगारकीच्या आदल्या रात्री अनवाणी चालत सिद्धिविनायकाला येईन. बाबा आता ठणठणीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात पण, आणि आईचे मात्र दोन्ही गुडघे बदललेत. इथून प्रभादेवी वीस किमीच्या वर, डॉक्टर म्हणतात विसरा. आता घरात कोणाला साधा ताप आला तरी ही म्हणते नवस राहिलाय म्हणून. मी चाललो तर चालेल? की दानपेटीत पैसे टाकून मोकळं व्हायचं?

तळकोकणी:
पैसे टाकून नको रे, बोलली ती चालायचं. आमच्या गावाला असं अडलं की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, बा देवा महाराजा, म्हातारीच्या पायात बळ नाय, लेकराची सेवा गोड मानून घे, चुकलंमाकलं पदरात घे, की बाकीचे म्हणतात व्हय महाराजा. मुलांनी आईचे नवस फेडलेले कितीतरी बघितलेत. फक्त गाऱ्हाणं आईला घालू दे, तू परस्पर उरकलंस तर तिची रुखरुख जायची नाही.

डोकं_जाग्यावर:
ताप व्हायरल असतो भाऊ. बाप्पा काय वसुलीला माणसं पाठवतो का?

प्रभादेवीची_सून:
@डोकं_जाग्यावर हसले, पण त्या माऊलीला तोंडावर असं नको हं. कांदिवलीकर, आईंना सांगा, हे देऊळ 1801 साली लक्ष्मण विठूंनी बांधलं ते देऊबाई पाटलांच्या पैशातून, बाईंना स्वतःला मूल नव्हतं, दुसऱ्या बायकांची तरी कूस उजवू दे म्हणून. अशा ठिकाणी आईंची पावलं कोण मोजत बसणार? तुम्ही चाला, सोमवारी रात्री एस. व्ही. रोडला सोबत मिळेल, काचा बघून पाय टाका. आईंना मात्र अंगारकीच्या गर्दीत आणूच नका, नंतर एखाद्या सकाळी टॅक्सीने आणा आणि दूर्वा, जास्वंद त्यांच्या हातून वाहू द्या.

कांदिवलीकर:
थँक्यू सगळ्यांना, आईला वाचून दाखवलं. गाऱ्हाण्याला तयार आहे, पण म्हणते गेटपासून गाभाऱ्यापर्यंत मी वॉकर घेऊन अनवाणीच जाणार. तिथे सगळेच अनवाणी असतात म्हटलं तर गप्प बस म्हणाली. आणि आता बाबा हटून बसलेत की नवस माझ्यासाठी होता तर मीच चालणार 😅 बायपासवाल्याला एवढं चालवतात का, कोणी डॉक्टर आहे का इथे?