उदगीर : दगडी वाडा, जळालेला लॅन पोर्ट आणि डेस्कटॉपसाठी वायफाय अ‍ॅडॅप्टर. कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपला वायफाय अ‍ॅडॅप्टर घ्यायचाय. यूएसबीचा घ्यावा की आत बसणारं कार्ड, इथंच घोडं अडलंय.

मशीन जुनं पण धडधाकट आहे : चौथ्या पिढीचा आय3, एच81चा मदरबोर्ड, 8 जीबी रॅम, एसएसडी, विंडोज 10. मागं दोन निळे यूएसबी 3.0 पोर्ट, पुढं दोन 2.0चे. एम.2 स्लॉट नाही, पण आतलं कार्ड बसवायचा पीसीआयईचा छोटा एक्स1 स्लॉट रिकामा आहे. कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला लागून. दिवसभर टॅली, जीएसटी रिटर्न आणि बँकांची पोर्टलं. संध्याकाळी पुतणी त्याच मशीनवर नीटची लेक्चरं बघते. गेम कुणी खेळत नाही.

आता घर. राऊटर ढाळजेत, धाकट्या भावाकडं. 2.4 आणि 5 गीगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा आहे, वायफायच्या पाचव्या पिढीचा (वायफाय 5). फायबरचा प्लॅन 100 एमबीपीएसचा. ढाळजेतून अंगण ओलांडलं की माझी खोली. मधली भिंत दोन हात जाड काळ्या दगडाची, वर पत्रे. खुर्चीत बसून फोन बघितला तर 2.4च्या दोन कांड्या दिसतात आणि पंचविसेक स्पीड मिळतो. 5 गीगाहर्ट्झचं नाव खिडकी उघडली की येतं, लावली की जातं.

"केबल टाका" म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो : केबल होती. अंगणावरून, कपड्याच्या तारेला बांधून. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मदरबोर्डचा लॅन पोर्ट गेला, राऊटरचाही एक पोर्ट गेला. बाकी मशीन वाचलं हे नशीब. आता आईनं अंगणावरून तार न्यायची नाही म्हणून ठणकावलंय, आणि मलाही ते पटलंय.

दुकानदार नखाएवढा डोंगल दाखवतो, "600चा आहे, प्लॅन 100चा, मग काय अडचण?" म्हणतो. बजेट दोन हजारांच्या आत. जाणकारांनी सांगावं. आगाऊ आभार.

खटपट्या
दादा, तो 600 बेरजेचा आकडा आहे. 2.4वर 150 किंवा 200 आणि 5वर 433, दोन्ही मिळून गोल 600. एका वेळी अ‍ॅडॅप्टर एकाच बँडवर असतो. शिवाय हे कागदावरचे आकडे. समोरासमोर ठेवूनही निम्मं हाती लागलं तर खूश व्हायचं. तुमच्या भिंतीपलीकडं तो नखाएवढा डोंगल फोनपेक्षाही कमी पकडेल, कारण त्यात अँटेनाला जागाच नसते. तोही कॅबिनेटच्या मागं, म्हणजे पत्र्याचा डबा आणि दगडी भिंत यांच्या बेचक्यात बसणार. तो घेऊच नका.

मांजराकाठ
अहो, आधी पैसे कशाला घालवायलात? घरात अँड्रॉइड फोन आहे ना? फोन वायफायला जोडा, डेटा केबलनं सीपीयूला लावा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मोबाइल डेटा बंद ठेवा. बहुतेक फोन आपलं वायफायच पुढं कॉम्प्युटरला देतात, म्हणजे फोनच अ‍ॅडॅप्टर झाला. केबल लांब असेल तर फोन टेबलावर, खिडकीत, कपाटावर असा फिरवून बघा. जिथं 5 गीगाहर्ट्झ टिकतं तिथं तुमची अँटेना गेली पाहिजे. ही जागा सापडल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

आणि हीच युक्ती नंतरही लागते. अ‍ॅडॅप्टरसोबत ड्रायव्हरची, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, सीडी येते, आजकाल सीडी ड्राइव्ह कुणाकडं आहे? ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर. फोन लावून उतरवून घ्यायचा.

लेंडीवाला
वरच्या दोघांशी सहमत, थोडी भर. निळ्या 3.0 पोर्टात अ‍ॅडॅप्टर थेट खोचला की 2.4वर खरखर वाढते. यूएसबी 3.0चा स्वतःचा गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो; इंटेलनं 2012मध्येच यावर कागद काढला होता. उपाय सोपा : मीटरभराची यूएसबी एक्स्टेंशन घ्यायची आणि अ‍ॅडॅप्टर कॅबिनेटपासून लांब, उंचावर ठेवायचा. खिडकी जवळ असेल तर तिथंच.

मॉडेल म्हणाल तर टीपी-लिंकचा आर्चर टी3यू प्लस बघा : उभी अँटेना, यूएसबी 3.0, 5वर 867 आणि 2.4वर 400. त्याचा धाकटा भाऊ टी2यू प्लस यूएसबी 2.0चा, 433 आणि 200. तुमच्या 100च्या प्लॅनला धाकटाही पुरतो, पण अशक्त सिग्नलवर थोरला जास्त तग धरेल. राऊटर वायफाय 5 आहे तोवर वायफाय 6साठी जादा पैसे मोजू नका. चालेल, पण वायफाय 5सारखंच चालेल.

धागाकर्ता
मांजराकाठ, तुमचा प्रयोग केला. फोन टेबलावर असताना 5 येत-जात होतं. खिडकीच्या लाकडी चौकटीवर, अंगणाकडं तोंड करून ठेवला तर खिडकी लावूनही टिकलं आणि साठच्या वर गेलं! खिडकी कॅबिनेटपासून चार-पाच फुटांवर आहे. मग आत बसणारं कार्ड बाद समजू का? एक जण इंटेलचं एएक्स211 स्वस्तात देतो म्हणतोय.

खटपट्या
एएक्स211 आणि एएक्स201 तुमच्या बोर्डावर चालणारच नाहीत. त्यांचं अर्धं काम इंटेलच्या नव्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं, एच81मध्ये ती सोयच नाही. पीसीआयईच्या पट्टीवर बसवूनही उपयोग नाही. एएक्स200 किंवा एएक्स210 असेल तर चालेल, विंडोज मात्र 64 बिटचं हवं. ब्लूटूथ पाहिजे असेल तर कार्डापासून बोर्डावरच्या यूएसबीच्या पिनांना एक बारकी वायर जोडावी लागते, लोक ती विसरतात आणि कार्ड खराब म्हणून परत करतात.

पण कार्डाच्या अँटेना कॅबिनेटच्या मागंच निघतात. लांब वायरीच्या, चुंबकी बैठकीच्या अँटेना असलेलं कार्ड मिळालं तरच तुमच्याकडं त्याला अर्थ आहे, आणि तसलं तुमच्या बजेटात बसणं कठीण. यूएसबीच घ्या.

मांजराकाठ
एक्स्टेंशन घेताना दोन मीटरच्या आतली घ्या आणि जाड घ्या. चिंधी केबलवर अ‍ॅडॅप्टर मध्येच तुटतो-जोडतो आणि माणूस राऊटरला शिव्या घालत बसतो. वीज कडाडायला लागली की राऊटर आणि सीपीयू दोन्हींचे प्लग काढायचं मात्र सोडू नका. अंगणातली तार गेली तरी लाइटच्या वायरीतून यायचं ते येतंच.

धागाकर्ता
ठरलं. टी3यू प्लस आणि दीड मीटरची एक्स्टेंशन. इथल्या दुकानात नाही, लातूरहून मागवायला सांगितलंय. बसवल्यावर आकडे इथंच टाकतो. तोवर फोन खिडकीतच बांधून ठेवलाय. पुतणीचं लेक्चर चालू असताना कुणाचा फोन आला की मी उठून खिडकीशी जाऊन बोलायलोय.